आदर्श म्हणजे आरसा

'पॅरागॉन' हा शब्द मला पहिल्यांदा पायात भेटला.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात चपलांची सरळ वाटणी होती. लग्नाकार्याला करकर वाजणारी कोल्हापुरी, आणि दूध आणायला, मोरीत जायला, गॅलरीतनं कचरा खाली न्यायला पॅरागॉनची स्लिपर. पुढं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी प्लेसमेंटसाठी इंग्रजी शब्दांची यादी पाठ करताना तोच शब्द समोर आला. अर्थ दिला होता, 'उत्कृष्टतेचा आदर्श'. मी हॉस्टेलच्या खोलीत एकटाच हसलो. ज्या शब्दाला घरात पाचशे वेळा शोधलंय, 'माझा एक पॅरागॉन कुठं गेला रे?' असं ओरडलोय, त्याचा अर्थ हा?

मग सवयीप्रमाणे शब्दाचं मूळ शोधत बसलो. पाठांतर टाळायचं असलं की मी हेच करतो. पॅरागॉन इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये इटालियनमधून. इटालियन 'पारागोने' म्हणजे सोनाराची कसोटी. सोनं घासून पाहायचा काळा दगड. त्याच्याही मागे ग्रीकमध्ये गेलं, तर धार लावायचा दगड सापडतो. आजच्या इटालियनमध्ये 'पारागोने'चा साधा अर्थ 'तुलना' असा आहे. इंग्रजीत मात्र हा शब्द चढत गेला. तपासणारा दगड होता, तो स्वतःच उत्तमाचा नमुना झाला. इतका, की १०० कॅरट किंवा त्याहून मोठ्या निर्दोष हिऱ्यालाही इंग्रजीत पॅरागॉन म्हणतात.

काळ्या दगडाचा हिरा झाला. तेव्हा ही गोष्ट मला फक्त गमतीची वाटली होती. त्यात काहीतरी हरवलंय हे कळायला बरीच वर्षं गेली.

गुजरीतला दगड

आज्जी गेल्यावर तिच्या पाटल्या मोडायच्या ठरल्या. आई, बाबा आणि मी महाद्वार रोडजवळच्या गुजरीत गेलो. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, गुजरी ही आमची सराफांची गल्ली. साज, ठुशी, चिंचपेटी असं जे काही कोल्हापूरच्या बाईच्या गळ्यात दिसतं, त्यातलं बरंचसं या गल्लीत घडतं.

आज्जी आयुष्यभर सांगायची, "माझ्या पाटल्या बावनकशी हायत." बावनकशी म्हणजे बावन कसांना उतरलेलं, एकदम अस्सल सोनं. आमच्या घरात या वाक्यावर कुणी शंका घेतली नव्हती. शंका घ्यायचं कारणही नव्हतं, कारण पाटल्या विकायच्या कुणाच्या मनात नव्हत्या.

आता दुकानांत सोनं तपासायची मशीन आलीत. जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालंय, २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ आकडा दिसतो. पण आमचे सराफ जुने. त्यांनी ड्रॉवरमधनं तळहाताएवढा काळा दगड काढला. पाटली त्यावर घासली. सोनेरी रेघ उठली. तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीच माहीत आहे अशा सोन्याची दुसरी रेघ ओढली. मग दोन्ही रेघांवर ॲसिडचा थेंब फिरवला. एक रेघ तशीच राहिली. आज्जीची रेघ फिकी पडली.

आईचा चेहरा उतरला. बाबा मात्र लगेच म्हणाले, "दगड जुना झालाय वाटतं तुमचा."

सराफकाका हसले. रागावले नाहीत. रोज कुणीतरी हे म्हणतच असणार. "दगडाला काय कळतंय ओ," ते म्हणाले, "त्यो फक्त दाखवतोय. बघणाऱ्याला सोसाय पायजे."

त्या दिवशी मी तो दगड हातात घेऊन पाहिला. त्याला चमक नव्हती. कुणी त्याला हार घालणार नाही, देव्हाऱ्यात ठेवणार नाही. त्याचे गुण अगदी रुक्ष आहेत. तो सोन्यापेक्षा कठीण असावा लागतो, पोत बारीक असावा लागतो आणि ॲसिडनं त्याला काही होता कामा नये. थोडक्यात, समोर कुणाची पाटली आहे याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याची किंमत तेवढ्यातच आहे.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली. एका रेघेनं काहीच कळत नाही. आज्जीची रेघ एकटी असती तर ती छान सोनेरीच दिसली असती. शेजारी दुसरी, माहीत असलेली रेघ आली तेव्हाच फरक उघडा पडला. इटालियन लोकांनी कसोटीच्या शब्दाला 'तुलना' हा अर्थ का दिला, ते गुजरीत कळलं.

भिंतीवरचा भाऊ, स्टेजवरचा भाऊ

मराठीत आपण 'आदर्श' म्हणतो. आदर्श विद्यार्थी, आदर्श गाव, आदर्श शिक्षक, आदर्श आचारसंहिता. हा शब्द इतका वापरलाय की त्याच्या आत काय आहे हे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

आदर्श म्हणजे आरसा. संस्कृतात या शब्दाचा आधीचा, साधा अर्थ तोच. 'दृश्' म्हणजे पाहणे, त्याला 'आ' लागला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात धूळ बसल्यानं झाकला गेलेला आरसा येतो, तिथं शब्द 'आदर्श'च आहे. आणि पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली. आपला रोजचा 'आरसा' हा शब्दही याच 'आदर्श'पासून आलाय. लोकांच्या तोंडी झिजत झिजत, प्राकृतातून येत, तो आधी 'आरिसा' झाला. ज्ञानेश्वरीत तो 'आरिसा' म्हणून भेटतो. मग त्याचा 'आरसा' झाला. म्हणजे आदर्श आणि आरसा हे एकाच आईचे दोन मुलगे. एक गावातच राहिला, बेसिनच्या वर खिळ्याला लटकला, त्याच्यासमोर आपण दात घासतो, पिंपल्स फोडतो. दुसरा तसाच्या तसा संस्कृतातून उचलून आणला आणि शाल-श्रीफळ देऊन स्टेजवर बसवला.

स्टेजवरच्या भावाचं पुढं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. २०१० साली कुलाब्यातली ३१ मजली इमारत घोटाळ्यासाठी गाजली आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, त्या इमारतीचं नावच 'आदर्श' होतं. 'नमुना' या फारसी शब्दाचंही असंच झालं. सरकारी कागदांत तो अजून नीट काम करतो, आपला सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पण कट्ट्यावर "काय नमुना आहे यार तो" म्हटलं, की त्यात कौतुक नसतं.

दगडांतही दोन भाऊ आहेत. कसोटी आणि परीस. कसोटी आली 'कषपट्टिका'वरून, कष म्हणजे घासणे. परीस आला 'स्पर्श'वरून. परीस लागला की लोखंडाचं सोनं होतं, आपल्याला काही करावं लागत नाही. कसोटीला मात्र घासून घ्यावं लागतं, थोडं झिजावं लागतं, आणि वर सोनं मिळत नाहीच, फक्त आपलं खरं काय ते कळतं. मोठ्या माणसांकडे आपण परीस समजून जातो. त्यांच्यासोबत सेल्फी काढला, त्यांचा फोटो डीपीला लावला, त्यांच्या गावचे आहोत असं सांगितलं, की आपल्यालाही थोडं सोनं लागेल असं वाटतं. ती माणसं कसोटी म्हणून वापरायची आहेत, हे लक्षात आलं तर आपण बहुतेक लांबूनच नमस्कार करू.

हिरवी टिकमार्क

आता माझी स्वतःची गोष्ट. ही सांगायला मला वेळ लागलाय.

पहिल्या नोकरीत मी कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. अशा कामात एक पद्धत असते. ठरावीक उदाहरणांची बरोबर उत्तरं एका फाइलमध्ये जपून ठेवतात. तिला 'गोल्डन फाइल' म्हणतात. नाव बघा, इथंही सोनंच. कोडमध्ये काही बदललं की नवं उत्तर त्या फाइलशी ताडून पाहायचं. जुळलं तर हिरवी टिकमार्क, नाही जुळलं तर लाल फुली. सराफाच्या दुसऱ्या रेघेसारखीच ती फाइल.

न जुळण्याची कारणं दोन. एकतर तुमचा कोड चुकलाय, किंवा नियमच बदललेत आणि फाइलमधलं उत्तर जुनं झालंय. दुसऱ्या कारणासाठी सोय म्हणून एक कमांड असते. ती चालवली की तुमचं आत्ताचं उत्तर, ते जे काही असेल ते, नवं सोनं म्हणून फाइलमध्ये लिहिलं जातं. पुढच्या सेकंदाला सगळं हिरवं.

एका शुक्रवारी रात्री रिलीज होतं आणि १४ फुल्या लाल होत्या. माझा सीनियर शेजारी बसला होता. त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. कोड कसा वाचायचा, चूक झाली तर मेलमध्ये ती कशी मान्य करायची, क्लायंटसमोर ज्युनियरला कसं सांभाळून घ्यायचं, हे सगळं मी त्याच्याकडून शिकलो. तुमचा आदर्श कोण असं कुणी विचारलं असतं, तर मी त्याचं नाव घेतलं असतं. तो स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "गोल्डन अपडेट करून टाक. सोमवारी बघू."

मी केलं. १४ फुल्या हिरव्या झाल्या. आम्ही खाली जाऊन भुर्जी-पाव खाल्ला.

तो सोमवार आलाच नाही, म्हणजे सोमवारी दुसरं काहीतरी पेटलं होतं. तीनेक आठवड्यांनी एका कर्जदार बाईंची तक्रार आली. त्यांनी मधेच थोडी रक्कम आगाऊ भरली होती. सगळ्या पावत्या जपल्या होत्या, वहीत हातानं हिशोब मांडला होता, आणि काही रुपयांचा फरक निघत होता. आम्ही तपासलं. वही बरोबर होती. आगाऊ रक्कम भरलेल्या सगळ्यांच्या हिशोबात तेवढीच गडबड होती. पैसे परत गेले. मीटिंग झाली. कुणी जाणूनबुजून केलेलं नाही, प्रोसेसमध्ये त्रुटी होती, असं ठरलं. मी त्या मीटिंगला होतो आणि गप्प बसलो. तोही गप्प बसला.

पण कोडच्या नोंदीत, कोणती ओळ कुणी कधी बदलली हे कायम राहतं. शुक्रवार, रात्री ११ वाजून काही मिनिटं, १४ बदल, आणि पुढं माझं नाव. त्याचं नाही.

बाबा म्हणाले होते, "दगड जुना झालाय तुमचा." मी त्यांच्यावर मनातल्या मनात हसलो होतो. त्यांनी निदान नुसतं म्हटलं. मी दगडच बदलला होता.

दसरा चौक ते आमचं स्वयंपाकघर

कोल्हापुरात आदर्शांचा विषय निघाला की शाहू महाराजांपाशी येऊन थांबतो. लहानपणापासून दसरा चौकातल्या पुतळ्याला वळसा घालूनच आम्ही शहर शिकलो. आसपासच्या बोर्डिंगांच्या इमारतींवरनं जाता-येता वाचत होतो, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग. ६ मे २०२२ ला महाराजांना जाऊन १०० वर्षं झाली, तेव्हा सकाळी सारं शहर १०० सेकंद थांबलं होतं. रिक्षा, बस, दुकानदार, सगळे. मीही रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून उभा होतो. खरंच भरून आलं होतं.

पण महाराज स्वतः कोणत्या आरशात बघत होते? १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर त्यांच्या लक्षात आणून दिलं गेलं, की त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हटले जात नाहीत, पुराणोक्त म्हटले जातात. छत्रपती असूनही पुरोहिताच्या लेखी ते शूद्र होते. माणूस इथं आपल्यापुरता हक्क मिळवून थांबू शकला असता. अपमान माझा झाला, माझा दूर झाला, विषय संपला. पण ज्याच्या सिंहासनालाही हे चुकत नाही, त्याच्या राज्यातल्या साध्या माणसाचं काय होत असेल, या प्रश्नाकडे ते वळले. उत्तर त्यांच्याच दरबारात होतं. ते गादीवर आले त्या १८९४ साली सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे, ब्राह्मण अधिकारी होते. हा आकडा म्हणजे त्यांच्या राज्याचा आरसा. २६ जुलै १९०२ चा, मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना देण्याचा जाहीरनामा त्या आरशाला दिलेलं उत्तर होतं. बोर्डिंगं आली, पुढं १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं.

हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण मला अडकवून ठेवते ती त्यामानानं छोटी गोष्ट. गंगाराम कांबळे महाराजांच्या नोकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला कोण येणार? मग महाराजांचा खडखडा त्या हॉटेलासमोर थांबायला लागला. महाराज चहा घ्यायचे, आणि सोबतच्या मंडळींनाही प्यावा लागायचा.

दोन वर्षांपूर्वी २६ जूनला, शाहू जयंतीला, मी सकाळी स्टेटस टाकलं. महाराजांचा फोटो, खाली दोन ओळी समतेवर. वर्क फ्रॉम होम होतं. आई मंदिरात गेली होती. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी आल्या. गेली अकरा वर्षं त्या येतात, मला 'बाळ' म्हणतात. मी म्हटलं, आज चहा मी करतो. चहा उकळला. रॅकवरनं माझ्यासाठी मग काढला. आणि दुसरा हात आपोआप मागच्या खिडकीच्या जाळीकडे गेला, जिथं कान तुटलेला एक कप ठेवलेला असतो.

मावशींचा कप.

तो कप वेगळा का आहे, हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. 'तिला त्या कपातच दे' असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं. आई मावशींवर माया करते, दिवाळीला साडी देते, त्यांच्या नातीच्या फीला पैसे दिलेत. पण माझ्या हाताला माहीत होतं. हात हवेतच थांबला. दुसऱ्या हाताशी फोन होता, त्यावर माझं स्टेटस ४१ जणांनी बघितलेलं दिसत होतं.

मी रॅकवरच्या मगात चहा दिला. मावशींनी मग हातात घेऊन इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "माझा कप फुटला व्हय?" मी म्हटलं, "नाही, यातच घ्या." त्या दारातल्या पायरीशी बसून प्यायल्या. मग तो मग दोनदा घासला आणि रॅकवर न ठेवता खिडकीत, कपाशेजारी ठेवला.

मला वाटलं होतं आपण काहीतरी केलं. त्या दोनदा घासण्यानं सगळं उतरवलं.

संध्याकाळी आईशी बोललो. ती चिडली. "तिलाच तो कप आवडतो. आणि आम्ही काय जातपात पाळतो का? आता या वयात मला शिकवू नकोस." मी गप्प बसलो, कारण 'तिलाच आवडतो' हे वाक्य मला 'प्रोसेसमध्ये त्रुटी होती'सारखं ऐकू आलं, आणि ते मी एकदा निमूटपणे ऐकून घेतलेलं होतं. आईला सुनवायचा मला फारसा अधिकार नव्हता.

सुटकेचे दोन रस्ते

तेव्हापासून मला असं वाटायला लागलंय, की आदर्शापासून सुटायचे रस्ते दोनच आहेत. एक, त्याला खाली ओढून आपल्या उंचीला आणायचं. गोल्डन फाइलवर आपलंच उत्तर लिहायचं. दुसरा, त्याला इतकं उंच टांगायचं की आपला चेहरा त्यात दिसूच नये. आरसा छताजवळ लावला तर त्यात फक्त पंखा दिसतो. पहिला रस्ता लबाडीचा म्हणून ओळखू येतो. दुसरा भक्तीसारखा दिसतो, म्हणून त्यावरनं आपण वर्षानुवर्षं बिनधास्त चालतो. फोटोफ्रेमलाही काच असते, आरशालाही असते. फ्रेममध्ये आपण दुसऱ्याला बघतो आणि बघणं संपतं.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहिलाय. आरसा तर मी आहे तसाच दाखवतो. मी कसा असायला हवं हे तो कुठं सांगतो? मग आदर्श असण्याचा उपयोग काय? याचं उत्तर मला गुजरीतच मिळालं. दगडावर दोन रेघा लागतात. एक माझी, एक ज्याचा कस माहीत आहे अशाची. महाराजांनी घेतलेला चहा ही दुसरी रेघ. तिच्या शेजारी माझ्या हातानं खिडकीकडे जाऊन ओढलेली रेघ ठेवली, तेव्हा मला माझं कळलं. नुसता पुतळा बघून कळलं नव्हतं, आणि नुसतं आत्मपरीक्षण करून तर मुळीच नाही. मी एकटा असतो तेव्हा माझी रेघ चांगली सोनेरीच दिसते.

दुसरा आक्षेप, ते राजे होते. त्यांच्या एका चहानं शहर हललं. माझ्या चहानं काय होणार? खरं आहे, काही होणार नाही. पण मग माझ्या चहाला राज्यही लागत नाही. जाहीरनामा काढायला गादी लागते. रॅकवरचा कप द्यायला काहीच लागत नाही, आणि तरी अकरा वर्षं तो दिला गेला नव्हता.

तिसरी गोष्ट, मोठ्या माणसांच्या चुकांची. महाराजांना शिकारीचा प्रचंड नाद होता. आज आपल्याला ते बघवणार नाही. फोटोफ्रेमवर असा ओरखडा चालत नाही, मग आपण एकतर तो लपवतो किंवा फ्रेमच फेकून देतो. कसोटीचा दगड मात्र सोन्याचा असावा लागत नाही. माझ्या त्या सीनियरबद्दल मी बरीच वर्षं कडू होतो. 'मी ज्याला एवढं मानलं तोच असा निघाला' हे म्हणण्यात एक सोय असते, आपली चूक त्याच्या खात्यावर जाते. आता मला वाटतं, चूक मेलमध्ये कशी मान्य करायची हे त्यानंच शिकवलं होतं. तो मेल त्यानं लिहिला नाही. पण तो कसा लिहायचा हे मलाही येत होतं.

गेल्या वर्षी एका रात्री कॉलवर आमच्या टीममधल्या नव्या मुलीनं स्क्रीन शेअर केली. लाल फुल्या होत्या. तिनं अगदी सहज विचारलं, "दादा, गोल्डन अपडेट करू का?" दादा म्हणाली म्हणून असेल, मला एकदम घाम फुटला. म्हणजे आता या बाजूला मी होतो. मी म्हटलं, "नको. आधी एकेक फरक बघू." बघितले. बहुतेक ठिकाणी फाइलच जुनी निघाली, दोन ठिकाणी कोड खरंच चुकला होता. दीड वाजला. यात मोठेपणा काही नाही, त्या रात्री रिलीजची घाई नव्हती. घाई असती तर मी काय म्हटलं असतं, हे मला अजून माहीत नाही. पण काम संपल्यावर मी तिला त्या जुन्या शुक्रवारची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तुम्ही नंतर सांगितलं का कुणाला?" मी म्हटलं, "आत्ता सांगतोय."

आणि घरातलं. त्या भांडणानंतर चारेक दिवसांनी कान तुटलेला कप खिडकीत दिसला नाही. आईनं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता मावशींना रॅकवरच्याच मगात चहा मिळतो, त्या तो एकदाच घासतात आणि रॅकवर ठेवतात.

बसतात मात्र अजून दारातल्या पायरीवरच. स्वयंपाकघरात तीन खुर्च्या आहेत. मी दोनदा म्हटलं, "वर बसा की मावशी." त्या म्हणतात, "असू दे बाळ, इथं वारं लागतंय."

दोन्ही वेळा मी खुर्चीत बसून म्हटलं होतं, हे मला आज लिहिताना लक्षात आलं.